पुंगळीचा जबाब

कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटनमध्ये जुन्या ली-एनफिल्ड रायफली चालवणारी हौशी मंडळी झाडलेली पुंगळी हातात आली की आधी तिचं बूड पाहतात. तिथे कारखान्याची खूण आणि वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं दिसली, की त्यांना दुसरं काही विचारावं लागत नाही. ती पुंगळी पुण्याजवळच्या खडकीची. १८६९ साली उभ्या राहिलेल्या तिथल्या दारूगोळा कारखान्यात .३०३ची काडतुसं बनत, आणि लष्कराला नको झालेला माल पुढे परदेशी बाजारात गेला. आपण ज्याला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतो, ती ही रायफल.

या मंडळींचा छंद रीलोडिंगचा. झाडलेली पितळी पुंगळी जपून ठेवायची, जळालेली टोपी काढून नवी बसवायची, दारू तोलून भरायची आणि तोंडात नवी गोळी दाबून बसवायची. काडतुसाच्या या चार अंगांपैकी पुंगळी तेवढी पुन्हा वापरता येते. पैसे वाचतात म्हणून पुष्कळ जण याकडे वळतात. पण जुन्या शस्त्रांच्या बाबतीत गरज निराळी असते. कित्येक जुन्या मापांची काडतुसं आता सहजी मिळतच नाहीत. या छंदात नेमबाजीपेक्षा तपासणी मोठी, असं माझं ठाम मत आहे. शंभर वर्षांची रायफल किती सोसेल, हे तिच्यातून बाहेर पडलेली पुंगळी सांगते.

.३०३चं जुनं काडतूस उघडलं, तर आत दाणेदार दारू नसते. शेवयांसारख्या कॉर्डाइटच्या लांब काड्यांची जुडी असते आणि तिच्यावर पुठ्ठ्याची चकती. कारखान्यात ही जुडी आधी भरत आणि मग पुंगळीची मान आवळत. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी १८८९ साली हे मिश्रण काढलं. सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये शंभरात अठ्ठावन्न भाग नायट्रोग्लिसरीन होतं. ते इतकं तापून जळे, की ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीतल्या उथळ खाचा झिजून जाऊ लागल्या. म्हणून १८९५मध्ये एनफिल्ड पद्धतीच्या पाच खोल खाचांची नळी आली आणि रायफलीचं नावही बदललं.

टोपीचा त्रास वेगळा. अमेरिकन हायरम बर्डनच्या पद्धतीत टोपीखालची ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवलेली असते आणि ठिणगी आत जायला बाजूला दोन बारीक भोकं असतात. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सरच्या पद्धतीत भोक एकच, तेही मधोमध. वरून सुई घातली की जुनी टोपी निघून येते. गंमत अशी, की अमेरिकेने बॉक्सरची पद्धत उचलली आणि ब्रिटिश लष्कराने .३०३साठी बर्डनची. खडकीच्या पुंगळ्या बर्डन जातीच्या, त्यामुळे बहुतेक हौशी त्या बाजूला ठेवतात आणि नव्या बॉक्सर पुंगळ्या विकत घेतात.

त्या जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. जळल्यावर नळीत क्षार उरतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि पोलाद गंजतं. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून ब्रिटिश सैनिक नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतत आणि मग ती सुकवून तेल देत. आजही जुनी लष्करी काडतुसं झाडणाऱ्याला हेच करावं लागतं.

.३०३च्या पुंगळीच्या बुडाला कडं असतं. ते नळीच्या मागच्या तोंडाशी अडतं आणि काडतूस जागेवर बसतं. चिखल-मातीतही काडतूस आत सरकावं म्हणून लष्करी रायफलीचं चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं. बार उडतो तेव्हा पुंगळीची पातळ भिंत दाबाने चेंबरला चिकटते आणि जाड बूड मागे बोल्टवर आदळतं. ली-एनफिल्डच्या बोल्टची पकड मागच्या बाजूला असल्याने तोही किंचित दबतो. या दोन्हींमुळे बुडाच्या जरा वरचं पितळ ताणलं जातं. ती पुंगळी साच्यात घालून पुन्हा पूर्ण मूळ मापावर आणली, की पुढच्या बाराला तिथेच पुन्हा ताण. अशा काही फेऱ्यांनंतर बाहेरून त्या जागी एक चकचकीत वळं दिसू लागतं.

वळं दिसण्याची वाट जाणता माणूस पाहत नाही. तो पेपर क्लिप सरळ करतो, तिचं टोक काटकोनात वाकवतो, पुंगळीत तळापर्यंत सोडतो आणि आतल्या भिंतीला घासत हळूहळू वर ओढतो. बुडाच्या वर तार अडखळली, तर तिथे आतून खाच पडली आहे. ती पुंगळी चेचून भंगारात टाकायची. तशीच वापरली, तर एखाद्या बाराला तिचे दोन तुकडे होतात. पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकतो आणि तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. यावर अनुभवी लोकांचा उपाय साधा: फक्त मान मापात आणायची आणि ती पुंगळी त्याच एका रायफलीसाठी राखायची.

मार्टिनी-हेन्री रायफल ली-एनफिल्डहून जुनी, १८७१ची. तिची दारू काळी. २००३मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला नेपाळी लष्कराचा जुना साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि मार्टिनी रायफली एकदम हौशी लोकांच्या हाती आल्या. काडतुसं मात्र नव्हती. मग लोक ब्राझीलच्या मॅगटेक कंपनीची २४ बोअरची पितळी पुंगळी साच्यांतून दाबून तिला मार्टिनीचा आकार देऊ लागले. मूळ काडतुसात ८५ ग्रेन काळी दारू असे. आजच्या पुंगळीत तेवढ्या दारूवर पोकळी उरते आणि काळ्या दारूत दारू व गोळी यांच्यामध्ये पोकळी धोक्याची. ती भरायला कुणी कापूस घालतं, कुणी चक्क रवा.

अशा बंदुकीत आधुनिक धूरविरहित दारू आपल्या अंदाजाने घालणं म्हणजे नळी फोडायची तयारी. दारू ग्रेनमध्ये तोलतात आणि सात हजार ग्रेनचा एक पौंड होतो; थोडीशी दारू खूप जागेत पडली, की चुकून दुप्पट पडलेलीही वरून लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या .४५-७० काडतुसासाठी छापील पुस्तकांत तीन वेगळे तक्ते असतात: १८७३च्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डसाठी सौम्य, लिव्हर रायफलींसाठी मधला, आजच्या मजबूत रायफलींसाठी जोरकस. काडतूस बाहेरून एकच दिसतं.

पोलादाच्या दोषापुढे मात्र पुंगळीची तपासणीही अपुरी पडते. अमेरिकेची १९०३ची स्प्रिंगफील्ड रायफल पहिल्या महायुद्धाच्या काळात फुटू लागली. चौकशीत दिसलं, की कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी जोखत होते. लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग दिसायला पोलाद जास्त तापवावं लागे आणि ते ठिसूळ होई. उष्णतामापक लावल्यावर काही वेळा तीनशे अंश फॅरनहाइटपर्यंत फरक निघाला. काही अपघातांत युद्धाच्या घाईत बनलेल्या पुंगळ्यांचं बूडही मऊ निघालं. १९१८मध्ये पद्धत बदलली. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ या क्रमांकांखालच्या रायफली झाडू नयेत, असं आजही सांगतात. ज्युलियन हॅचर या अधिकाऱ्याने ही हकिगत १९४७च्या आपल्या पुस्तकात तपशिलाने मांडली. एका पिढीचा दोष त्याने लपवला नाही, म्हणून पुढच्यांचे डोळे आणि हात वाचले. मला हे पुस्तक या छंदातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडे हा छंद नाही. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो, आणि .३०३ सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहे. नागरिकांसाठी ईशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डच्याच यंत्रणेवर .३१५ची रायफल काढली. पण जुन्या वाड्यांत, संस्थानी घराण्यांत वडिलोपार्जित परवान्यावर आलेल्या इंग्रजी दुनळी १२ बोअर आहेत. त्यांच्या मालकांना तपासणीची ही सवय लागू पडते. अशा बंदुकीच्या नळ्या दस्त्यापासून सोडवून उलट्या धरल्या, की खालच्या सपाट भागावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे दिसतात. त्यांत ‘नायट्रो प्रूफ’ नसेल, तर ती बंदूक काळ्या दारूपुरतीच तपासलेली आहे. नळीवर वेणीसारखी नक्षी असेल, तर लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून ती घडवलेली असते. तिथे जास्तच जपावं. ठसा असला तरी चेंबरची लांबी पाहावी: जुनी बहुधा अडीच इंचांची, आजची काडतुसं पावणेतीन इंचांची. लांब काडतूस आत बसतं, पण उघडताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद जागेत अडतं आणि दाब वाढतो. परवानाधारक गनस्मिथ चेंबर मोजून देतो. ते माप आणि नळीखालचे ठसे परवान्याच्या कागदांसोबत लिहून ठेवावेत, म्हणजे पुढे बंदूक ज्याच्या नावावर होईल त्यालाही ते मिळतील.