बॅटरीवरचा आकडा आणि मैदानातला आकडा

संशोधनाची तयारी करणाऱ्या अनेकांचा प्रश्न असतो, "प्रयोगाचं डिझाइन म्हणजे नेमकं काय करायचं?" आज ते एका छोट्या वस्तूवरून बघू: रिमोटवर चालणाऱ्या गाडीची लिथियम-पॉलिमर, म्हणजे लायपो बॅटरी.

आधी वहीवर तपासा

समजा बॅटरीवर लिहिलंय: ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच, ५०सी. म्हणजे आत ३.७ व्होल्टचे दोन सेल आहेत आणि ही बॅटरी ५ × ५० = २५० अँपिअर करंट देईल, असा दावा आहे.

आता प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध ५ मिलिओहम धरा. २५० अँपिअरला सेलचं व्होल्टेज २५० × ०.००५ = १.२५ व्होल्टने पडेल. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा असतो, तो लगेच २.९५ वर येईल. बहुतेक गाड्यांचा स्पीड कंट्रोलर ३ ते ३.२ व्होल्टलाच मोटर बंद करतो! शिवाय प्रत्येक सेलमध्ये साधारण ३१२ वॉट उष्णता तयार होईल. तेच ४० अँपिअरला बघा: पडझड फक्त ०.२ व्होल्ट आणि उष्णता ८ वॉट. म्हणजे लेबलवरचा आकडा नुसता वाचायचा नाही, तो कुठल्या परिस्थितीतला आहे हे विचारायचं.

"संपली" म्हणजे काय?

बॅटरी सावकाश, १ अँपिअरने रिकामी केली तर जवळपास पूर्ण ५००० एमएएच मिळतील. मैदानात मात्र थ्रॉटल दाबला की व्होल्टेज खाली जातं आणि चार्ज शिल्लक असतानाच कटऑफ लागतो. पाच मिनिटं थांबलात, तर व्होल्टेज पुन्हा वर येतं. म्हणून चाचणीआधीच लिहून ठेवा: लोडवर असताना प्रति सेल ३.२ व्होल्ट झाले की थांबायचं. ही व्याख्या नसेल तर दोघांचे निकाल जुळणारच नाहीत.

मैदान टेबलावर आणा

खरी गाडी दर वेळी वेगळी धावते, टेबलावरचा स्थिर लोड खरा नसतो. मधला मार्ग असा: गाडीवर डेटा लॉगर बसवून करंट, व्होल्टेज, तापमान सेकंदाला किमान दहा वेळा नोंदवा. मग तोच करंटचा आलेख इलेक्ट्रॉनिक लोडवर पुन्हा पुन्हा चालवा. मोठ्या वाहनांचंही असंच असतं. स्कूटरच्या जाहिरातीतली "आयडीसी रेंज" भारतीय ड्रायव्हिंग सायकलवर मोजलेली असते. तिचं एक आवर्तन १०८ सेकंदांचं आणि कमाल वेग ४२ किमी. जालना रोडवरचं ट्रॅफिक त्यात नाही, पण दोन स्कूटरची तुलना मात्र होते.

ऊन विसरू नका

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, डिसेंबरच्या पहाटे चांगलाच उतरतो. गरम सेलचा अंतर्गत रोध कमी होतो, त्यामुळे उन्हाळ्यात बॅटरी जास्त दमदार वाटते. पण उष्णतेनं तिचं आयुष्यही लवकर घटतं. एक कंपनी मेमध्ये आणि दुसरी डिसेंबरमध्ये तपासली, तर तुम्ही बॅटरी नाही, ऋतू मोजला!

एन किती?

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एकच बॅटरी दहा वेळा रिकामी केली म्हणजे नमुना दहा झाला का? नाही, एकच. तुम्हाला त्या एका बॅटरीबद्दल कळलं, त्या मॉडेलबद्दल नाही. मॉडेलबद्दल बोलायचं असेल तर वेगवेगळ्या बॅटऱ्या घ्या, चाचणीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि सरासरीसोबत निकालांचा पसाराही द्या. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न इथेच येतो, आणि तेव्हा प्रयोग नव्याने करायला वेळ नसतो.

आणि हो, लायपो फुगली असेल तर चाचणी करूच नका. चाचणी मोकळ्या जागी करा, वाळूची बादली जवळ ठेवा.

तुमचा विषय कुठलाही असो, आज एक काम करा: आपल्या मुख्य मोजमापासमोर "कोणत्या परिस्थितीत?" असं लिहा आणि एका वाक्यात उत्तर द्या. ते जमलं, तर डिझाइनचं अर्धं काम झालं.