एक जण मधूनच परत फिरला तर?
मोंबासा ते केपटाउन, दुचाकीवर : लेखांक ९

आज मिकुमीच्या राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या हमरस्त्याबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. कोल्हापूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय, आणि त्यातल्या एका प्रश्नापाशी मी थांबलो तो थांबलोच. ते आणि त्यांचा शाळेपासूनचा मित्र याच मार्गाने निघायच्या तयारीत आहेत. पत्राच्या अगदी शेवटी, जणू भीतभीतच, त्यांनी विचारलंय : 'आमच्यापैकी एकाला काही कारणाने मध्येच घरी परतावं लागलं, तर त्याच्या गाडीचं काय करायचं?'

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. निघणाऱ्याला मागून हाक मारू नये, अशा घरांत आपण वाढलो. त्यामुळे दोन मित्र नकाशा पसरून बसले की बोलणं पुढच्या गावाचं होतं, परतीचं होत नाही. माझं सांगणं बरोबर उलटं आहे. दोघांनी जायचं असेल, तर परत फिरण्याच्या जागा नकाशावर आधी ठरवा आणि मग मार्ग आखा. आजचा सगळा लेख याच एका गोष्टीवर आहे.

आई आजारी पडली, कंपनीने तातडीने बोलावलं, मनगट मोडलं, किंवा नुसतंच मन उडालं, तर माणूस रात्रीच्या विमानाने मुंबईला पोहोचतो. गाडीला तसं करता येत नाही. गाडी त्या देशात तात्पुरती आलेली असते आणि ती बाहेर गेल्याची नोंद झाल्याशिवाय तिथलं कस्टम्स हिशेब मिटवत नाही. कार्ने, म्हणजे गाडी परदेशात तात्पुरती नेण्यासाठी कस्टम्सला दाखवायचं पुस्तक, तिसऱ्या लेखांकात सविस्तर आलंय. आज त्याचं फक्त एक पान जवळून पाहू.

हे पान आडव्या तीन पट्ट्यांत छापलेलं असतं. देशात शिरताना अधिकारी तिन्हीवर भरायचं ते भरतो, शिक्का मारतो आणि सगळ्यात खालची पट्टी फाडून स्वतःकडे ठेवतो. देश सोडताना मधली पट्टी फाडली जाते. वरची पट्टी पुस्तकातच राहते, आणि तिच्यावर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा असे दोन शिक्के शेजारी शेजारी दिसायला हवेत. पुढची सगळी कथा त्या दुसऱ्या शिक्क्याची आहे. वरच्या पट्टीवर तो नसेल, तर त्या देशाच्या लेखी तुमची गाडी अजून तिथेच आहे, बहुधा विकली गेली आहे आणि तिच्यावर आयात शुल्क देणं लागतं. ते मागणं फिरत फिरत कार्ने देणाऱ्या क्लबाकडे येतं, म्हणजे आपल्या बाबतीत चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारख्या संस्थेकडे, आणि तिथून तुम्ही दिलेल्या बँक हमीवर.

शिक्का कोण मारतो आणि काय पाहून मारतो, हेही समजून घ्या. तावेताहून केनिया सोडून होलिलीला टांझानियात शिरताना अधिकारी खुर्चीवरून उठून गाडीपाशी येतो. त्याला तुमच्या चेहऱ्याशी फारसं कर्तव्य नसतं, त्याला चासी नंबर हवा असतो. हँडलखाली, गाडीच्या मानेवर, वायरींच्या जुडग्याआड तो कोरलेला असतो आणि त्या रस्त्यांवरच्या लाल मातीने हमखास भरलेला असतो. टँक-बॅगेत एक जुना टूथब्रश आणि ओलं फडकं ठेवा. नंबर घासून स्वच्छ करा, कार्नेच्या मुखपृष्ठावरच्या आकड्याशी तो एकेक आकडा बोट ठेवून जुळवून घ्या, आणि शिक्का पडला की तारीख स्वतः वाचा. हे दोन्ही गाड्यांसाठी वेगवेगळं करायचं. दोन मित्र असले तरी कार्नेही दोन आणि जबाबदाऱ्याही दोन.

आता मूळ प्रश्न. एक जण परत फिरला, तर त्याच्या गाडीसाठी चार वाटा उरतात.

पहिली, गाडी जहाजाने किंवा विमानाने परत पाठवणं. ही सर्वांत सरळ. फक्त त्यासाठी बंदर किंवा मोठा विमानतळ जवळ हवा आणि शिपिंग एजंटामार्फत कार्नेवर कस्टम्सचा बाहेर गेल्याचा शिक्का मारून घ्यायला हवा. नुसत्या बिल ऑफ लेडिंगवर भागत नाही.

दुसरी, गाडी तिथल्या कस्टम्सच्या लेखी परवानगीने त्यांच्या ताब्यात ठेवून नंतर येऊन नेणं. कार्नेची मुदत एक वर्षाची असते, म्हणजे तुमच्याकडे त्यातला उरलेला काळ असतो. मुदतवाढ मागायची तर ती संपण्याआधीच क्लबाशी बोलावं लागतं. मित्राच्या मित्राच्या अंगणात ताडपत्री टाकून ठेवलेली गाडी या प्रकारात मोडत नाही.

तिसरी, दुसऱ्या कुणीतरी ती सीमेपार नेणं. कार्नेधारकाचं लेखी अधिकारपत्र असेल तर दुसरा माणूस गाडी चालवू शकतो, पण हा दुसरा त्या देशाचा रहिवासी चालत नाही. आणि मागे उरलेल्या मित्राकडे स्वतःची गाडी असते, तो एका वेळी दोन कशा चालवणार? उत्तर सोपं आहे, पण वेळेवर सुचत नाही. शिक्क्याला गाडी सीमेपार जाण्याशी मतलब आहे, ती स्वतःच्या चाकांवर गेली की पिकअपवर बांधून, याच्याशी नाही. बोडाबोडाच्या, म्हणजे दुचाकी टॅक्सीच्या, या मुलखात दुचाकी दोरांनी नीट आवळून बांधणारे हात कुठल्याही नाक्यावर मिळतात. पुण्याच्या बजाजची बॉक्सर तिथे इतकी आहे, की आपल्या गाडीकडे कुणी नवलाने पाहत नाही. पिकअप ठरवा, गाडी चढवा, स्वतः मागून चला आणि दोन्ही कार्ने एकाच खिडकीवर ठेवा.

चौथी, गाडी कस्टम्सच्या स्वाधीन करून सोडून देणं. तेही कागदावर, त्यांच्या दाखल्यासह. ही शेवटची वाट.

चारही वाटा पाहिल्या की कळतं, आपण नेमके कुठे आहोत यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून मी या मार्गाचे परतीच्या दृष्टीने तीन तुकडे करतो.

पहिला तुकडा मोंबासापासून मोरोगोरोपर्यंत. इथे काही झालं तरी दार-ए-सलाम हाताशी आहे. मोरोगोरोहून ते दोनशे किलोमीटरच्या आतच. बंदरही आहे, विमानतळही. एखाद्याचं मन डळमळत असेल, तर मोरोगोरोच्या पुढे जाण्याआधी एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि दोघं बोला. इथून परत फिरणं स्वस्तात पडतं, पुढे ते महाग होत जातं.

दुसरा तुकडा इरिंगा, म्बेया, टुंडुमा, मग झांबियात नाकोंडे आणि लुसाका. हाच अवघड तुकडा. झांबियाला समुद्र नाही. नाकोंडे ते लुसाका सुमारे हजार किलोमीटर, तिथून लिव्हिंग्स्टन आणखी पावणेपाचशेच्या आसपास. या टप्प्यात कुणी थांबला तर माणूस लुसाकाहून विमानाने जाईल, पण गाडीला पिकअपवर पुढेच न्यावं लागेल. मागे फिरवण्यात अर्थ नाही. हे आधी ठाऊक असलं की त्या दिवशी डोकं शांत राहतं.

तिसरा तुकडा काझुंगुलाच्या पुलापासून. झांबेझीवर हा ९२३ मीटरचा पूल मे २०२१मध्ये खुला झाला. त्याआधी इथे तराफ्यावरून नदी ओलांडावी लागे. पुलाला बाक आहे, कारण झिम्बाब्वेची हद्द टाळून तो झांबियातून थेट बोट्स्वानात उतरवला आहे. मला हा पूल फार प्रिय आहे, आणि त्याचं कारण कार्नेच्या पानात आहे. बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि एस्वातिनी या पाच देशांचा मिळून एकच कस्टम्स संघ आहे. कार्नेचं एकच पान पाचांना पुरतं. काझुंगुलाला आत आल्याचा शिक्का, आणि बाहेर गेल्याचा शेवटी केपटाउन, डर्बन किंवा वॉल्व्हिस बेच्या बंदरावर. म्हणजे काझुंगुला ओलांडल्यावर कुणाला परतावं लागलं, तर त्याच्या गाडीपुढे एकही कस्टम्सची सीमा नसते. फक्त रस्ता आणि बंदर. म्हणून मधल्या तुकड्यात अडचण आली, तर आपलं पहिलं ध्येय काझुंगुला.

आमच्यावर ही वेळ थोडक्यात येऊन गेली. म्बेयाला जोडीदाराला संध्याकाळी हुडहुडी भरली. त्या भागात ताप आला की मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करायची, हा नियम आहे आणि तो आम्ही पाळला. मलेरिया निघाला, औषध लगेच सुरू झालं. खाटेवर पडल्या पडल्या त्याने विचारलं, "मी गेलो तर तू काय करणार?" मी निघण्याआधी दोघांनी मिळून लिहिलेला कागद काढून वाचून दाखवला : म्बेयाला एक जण थांबला तर दुसऱ्याने तो विमानात बसेपर्यंत सोबत राहायचं, मग त्याची गाडी पिकअपवर घालून काझुंगुलापर्यंत न्यायची आणि तिथून पुढचा निर्णय फोनवर. पिकअपचं भाडं गाडीवाल्याचं, मुक्कामाचा खर्च निम्मा निम्मा. तो ऐकून म्हणाला, "मग ठीक आहे," आणि झोपला. ताप उतरल्यावर आम्ही दोघंही पुढे गेलो. त्या क्षणी वाद झाला नाही, उपकाराची भाषा निघाली नाही, कुणाला अपराधी वाटलं नाही, कारण सगळं घरी, चहा पिता पिता, ठरलेलं होतं. तसाच कागद तुम्ही करावा, असा माझा आग्रह आहे.

जोडीदार गळणं यात लाजिरवाणं काही नाही, हे इतिहासही सांगतो. १५ ऑक्टोबर १९२३ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. १९२८च्या मार्चमध्ये अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे ती पूर्ण करून मुंबईत परतले. सहांपैकी तिघे वाटेत वेगळे झाले. पुढे प्रवास पूर्ण करणाऱ्या तिघांनी त्याचं पुस्तकही लिहिलं. मला त्यांच्या अंतरापेक्षा हे जास्त मोठं वाटतं, की निम्मे साथीदार गेल्यावरही प्रवास मोडला नाही. साडेचार वर्षं सोबत फिरायचं तर कुणीतरी बाजूला होणारच, हे मान्य असल्याशिवाय ते जमत नाही.

आता कागदात काय हवं ते सांगतो, कारण कोल्हापूरकरांनी नमुना मागितलाय.

परतीच्या तीन जागा नावांसह लिहा. थांबणाऱ्याची गाडी कोण, कुठपर्यंत, कुणाच्या खर्चाने नेणार ते लिहा. उरलेला एकटा पुढे जाणार की दोघंही परतणार, हेही आधीच लिहा, आणि ते दोन्ही घरांना वाचून दाखवा. घरच्यांना ठाऊक असेल तर मित्राला एकटं टाकून आला असा बोल कुणावर येत नाही. सामाईक पैशाचा हिशेब दर रविवारी मिटवायचा, म्हणजे अचानक वेगळं व्हावं लागलं तरी देणं-घेणं आठवड्यापेक्षा जुनं नसतं.

या कागदाबरोबर दोन अधिकारपत्रं करा. एकाच्या गाडीचं दुसऱ्याला, दुसऱ्याच्या गाडीचं पहिल्याला. इंग्रजीत, नोटरी केलेली, चासी नंबर आणि पासपोर्ट नंबरासह. क्लबाला कार्नेच्या अर्जाच्या वेळीच सांगा, म्हणजे त्यांना हवा तो मजकूर कळेल. गाडी वडिलांच्या नावावर असेल, जसं आपल्याकडे बऱ्याच घरांत असतं, तर शक्यतो निघण्याआधी आरटीओत ती स्वतःच्या नावावर करून घ्या. सीमेवर तिसऱ्याच माणसाचं नाव वाचलं की प्रश्न वाढतात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी मिळवा.

आणि एक महत्त्वाचं : दोघांच्या हमीचे पैसे एकाच्या मुदत ठेवीतून देऊ नका. जिवाभावाचा मित्र असला तरी नाही. हमी गाडीच्या किमतीच्या हिशेबात लागते, आणि कार्ने शिक्क्यांसह परत जमा होऊन क्लबाने पूर्ण तपासल्याशिवाय ती सुटत नाही. एकाचा पैसा दुसऱ्याच्या शिक्क्यात अडकला की प्रवासातला प्रत्येक निर्णय त्या पैशाच्या दिशेने वळायला लागतो. हमी परवडत नसेल तर स्वस्त गाडी घ्या. किंमत कमी तर हमीही कमी. या रस्त्यांना महागडी गाडी लागतच नाही.

दोघांनी एकाच मॉडेलची गाडी न्यावी असं मी मागे लिहिलं, ते क्लच केबल आणि ब्रेक पॅड एकमेकांना चालावेत म्हणून. आज त्यात एक कारण वाढवतो. एक गाडी पिकअपवर चढली, तर तिचे सुटे भाग आणि हत्यारं पुढे जाणाऱ्याच्या कामी येतात. तेव्हा हत्यारांची पेटी एकाकडेच ठेवू नका. पंक्चरचं सामान आणि पंप दोघांकडेही हवा. वेगळं व्हायची वेळ आली तर रस्त्याच्या कडेला वाटणी करत बसायला लागू नये.

कोल्हापूरकर, या रविवारी मित्राला बोलवा आणि मोरोगोरो, लुसाका, काझुंगुला या तीन गावांभोवती पेनने गोल करा. प्रत्येक गोलाशेजारी एकेक वाक्य लिहून दोघांनी सह्या करा. ते झालं की उरलेला नकाशा निश्चिंतपणे आखता येईल, आणि पुढच्या आठवड्यात मी तुम्हाला मिकुमीतून नेईन : हत्तींच्या रस्त्यावर दुचाकीस्वाराने किती वाजता निघायचं, कुठे थांबायचं नाही, आणि मोरोगोरोलाच टाकी का भरायची ते सांगतो.