विश्लेषण : घराची किल्ली मिळाली, जिन्याचे काय? दिव्यांगांनी आपले हक्क नेमके कुठे मागायचे?

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने निघाले की दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारीच्या माळावर घरांच्या रांगाच रांगा दिसू लागतात. विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत इथलीच. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिच्या किल्ल्या दिल्या गेल्या. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ज्या रे नगरमधील १५ हजार घरांचे लोकार्पण केले, तेही इथेच. असंघटित कामगारांसाठी एकूण ३० हजार घरांचा हा प्रकल्प, आणि दोन्ही वसाहतींमागे माजी आमदार नरसय्या आडम यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या, भंगार वेचणाऱ्या कुटुंबांना हक्काचे छप्पर मिळाले. पण ज्या घरात कुणाचे पाय चालत नाहीत, कुणाला दिसत नाही, कुणाचे मूल वीस वर्षांचे होऊनही आईच्याच हातून जेवते, त्या घराचा प्रश्न किल्ली मिळाल्यावर संपत नाही. खोली वरच्या मजल्यावर असेल तर तो तिथून सुरू होतो.

घरकुलात दिव्यांगांचा वाटा किती?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या ३७व्या कलमात घरे आणि शेतजमिनीच्या सरकारी वाटपात पाच टक्के आरक्षण आहे, तेही महिलांना प्राधान्य देऊन. गरिबी निर्मूलनाच्या योजनांनाही हेच प्रमाण लागू आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात हा वाटा तीन टक्के होता.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली तरतूद प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) मार्गदर्शक सूचनांत आहे. भागीदारीतून उभारलेल्या गृहप्रकल्पात घरे वाटताना ज्या कुटुंबात दिव्यांग व्यक्ती किंवा ज्येष्ठ नागरिक आहे, त्यांना शक्यतो तळमजल्यावरचे किंवा खालच्या मजल्यावरचे घर द्यावे, असे त्यात म्हटले आहे. ‘शक्यतो’ या शब्दात पळवाट आहे, हे मान्य. म्हणूनच अर्ज सोडतीच्या आधी जायला हवा. सोडत निघाली, शेजारी राहायला आले, दाराला तोरण लागले की घर बदलून द्यायला कुणी तयार होत नाही. ज्यांना वरचे घर आधीच मिळाले आहे त्यांनीही अदलाबदलीचा अर्ज लेखी द्यावा. तोंडी विनंतीची कुठे नोंद राहत नाही.

पहिला कागद कोणता?

या सगळ्याची सुरुवात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापासून आणि वैश्विक ओळखपत्रापासून, म्हणजे ‘यूडीआयडी’ कार्डापासून होते. अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्राच्या संकेतस्थळावर करायचा. स्वतः जमत नसेल तर सेवा केंद्रातून भरून घेता येतो. आधार, छायाचित्र आणि राहण्याचा पुरावा लागतो. त्यानंतर शासकीय रुग्णालयात तपासणी होते. प्रमाणपत्र देण्यासाठी पूर्वी एक महिन्याची मुदत होती, ऑक्टोबर २०२४ मधील नियमदुरुस्तीने ती तीन महिने झाली. तपासणीला न जाता अर्ज दोन वर्षे तसाच राहिला तर तो बाद होतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

कार्डाचा रंग टक्केवारी सांगतो. ४० टक्क्यांच्या आत पांढरा पट्टा, ४० ते ७९ टक्के पिवळा, ८० आणि त्यावर निळा. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात, त्यामुळे ३८ आणि ४० यांतले अंतर कागदावर दोनाचे असले तरी आयुष्यात फार मोठे ठरते. टक्केवारी चुकीची वाटली तर कायद्याच्या ५९व्या कलमाखाली अपील करता येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दिव्यांग म्हटले की आजही डोळ्यांपुढे कुबड्या आणि पांढरी काठी येते. जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ आहेत. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, पार्किन्सन्स, आम्लहल्ल्यातील पीडित, कुष्ठरोगातून बरे झालेले, हे सर्व त्यात आहेत. वर्गात ‘ढ’ ठरलेला मुलगा कदाचित अध्ययन अक्षमतेमुळे मागे पडत असेल. त्याला परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, पण कागद नसेल तर कुणी विचारत नाही.

एक अडचण खास सोलापूरची. इथल्या विडी कामगारांच्या असंख्य घरांत बोलणे तेलुगूत चालते, शेजारी कन्नड ऐकू येते आणि अर्ज मराठीत किंवा इंग्रजीत भरायचा असतो. शिबिराची सूचना फलकावर लागली म्हणजे ती पोहोचली, असे प्रशासनाने धरून चालू नये. ज्या बाईचा दिवस हजार विड्यांच्या हिशेबात जातो, तिला मुलाला घेऊन शहरात दोन खेटे घालायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि वर रिक्षाचे भाडे. तपासणीचे पथकच वसाहतीत आले, तर हा खर्च सरकारला परवडणाऱ्यातला आहे. त्या बाईला तो परवडणारा नाही.

ग्रामपंचायतीतील पाच टक्के कुणाचे?

सर्वात जवळचे आणि सर्वात कमी वापरले जाणारे दार ग्रामपंचायतीचे आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. जिल्हा परिषद आणि महापालिका यांनाही स्वनिधीतून पाच टक्के द्यावे लागतात. स्वतःचे उत्पन्न म्हणजे प्रामुख्याने घरपट्टी, दिवाबत्ती कर, गाळ्यांचे भाडे वगैरे. केंद्राकडून किंवा राज्याकडून एखाद्या कामासाठी येणारा निधी त्यात धरत नाहीत.

हिशेब सोपा आहे. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीचे वर्षाचे स्व-उत्पन्न २० लाख रुपये आहे, तर एक लाख रुपये दिव्यांगांचे. गावात घरे वाढली की घरपट्टी वाढते, घरपट्टी वाढली की हा वाटाही वाढतो. ज्या गावाच्या माळावर हजारोंनी घरे उभी राहिली, तिथे या पाच टक्क्यांना किरकोळ समजून चालणार नाही. या पैशांतून व्यक्तीला थेट मदत, साहित्य, उपचार किंवा व्यवसायासाठी साह्य देता येते, तसेच सर्वांच्या उपयोगाची कामेही करता येतात.

प्रत्यक्षात अनेक गावांत हा निधी मार्चअखेर आठवतो. मग घाईघाईने सगळ्यांना सारखीच रक्कम किंवा एकेक वस्तू वाटून, फोटो काढून विषय मिटतो. ज्याला चाकाची खुर्ची हवी त्याला घोंगडी मिळते. हे टाळायचे तर ग्रामपंचायतीत दिव्यांगांची नोंदवही अद्ययावत असायला हवी आणि वर्षाच्या सुरुवातीलाच ग्रामसभेत विचारायला हवे की, मागील वर्षाचे स्व-उत्पन्न किती, त्याचे पाच टक्के किती, खर्च किती झाले आणि कुणावर. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज द्यावा, ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. अर्ज ग्रामसेवकाकडे, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे द्यायचा.

पेन्शन किती?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात जातो. ६५ वर्षांनंतर हीच मदत श्रावणबाळ योजनेतून मिळते. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे, इतर निराधारांसाठी ती २१ हजार आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने दिव्यांगांचे मासिक अनुदान १५०० वरून २५०० रुपये केले. कायद्याचे २४वे कलम सांगते की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांची रक्कम इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. हे कलम २०१७ पासून लागू आहे आणि तरीही २०२५ पर्यंत दोघांनाही सारखेच १५०० मिळत होते. उशीर किती झाला, याचे गणित वाचकांनी करावे.

एसटीच्या साध्या गाडीत ४० टक्के आणि त्यावरील दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांहून जास्त असेल तर सोबतच्या माणसालाही निम्मे भाडे लागते. ही दुसरी सवलत अनेकांना माहीत नसते.

‘माझ्यामागे याचे काय?’

मतिमंद किंवा स्वमग्न मुलाची आई हा प्रश्न मोठ्याने विचारत नाही, पण रात्री तो तिच्या उशाशी असतो. कायद्याच्या नजरेत मूल १८ वर्षांचे झाले की ते सज्ञान. त्यानंतर आई-वडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बँकेचे खाते, वारसा, घराची नोंद अशा वेळी हा पेच अचानक उभा राहतो.

त्यासाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, शिवाय एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती सदस्य असते. पालकत्वाचा अर्ज या समितीकडे करायचा. आई-वडील हयात असतानाच भावंडांपैकी कुणाचे किंवा विश्वासातल्या नातेवाईकाचे नाव ठरवून ठेवणे शहाणपणाचे. याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च देते आणि त्यासाठी विम्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी लागत नाही. थेरपीचा खर्चही त्यात ठरावीक मर्यादेत बसतो. दीर्घ मानसिक आजार मात्र या न्यासाच्या कक्षेत येत नाही.

शाळेबाबत थोडक्यात. ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के व त्यावरील दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

रॅम्प आहे, पण चढता येतो का?

नियमानुसार उताराचे प्रमाण एकास बारा असावे. म्हणजे ओटा दीड फूट उंच असेल तर रॅम्प १८ फूट लांब हवा. सार्वजनिक इमारतींपुढे बऱ्याचदा दिसतो तो पाच-सहा फुटांचा, घसरगुंडीसारखा उतार. त्यावरून चाकाची खुर्ची एकट्याने चढत नाही आणि ढकलणाऱ्याचाही तोल जातो. रॅम्प ‘केला’ अशी नोंद मात्र होते.

कायद्याच्या ४५व्या कलमाने अस्तित्वातील सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७चे, त्यामुळे मुदत जून २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यातले एक दुखणे नेमके दाखवले. केंद्राचा १५वा नियम सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीसारखे ठेवतो, कायदा मात्र बंधन घालतो, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून न्यायालयाने बंधनकारक किमान निकष आखण्यास सांगितले.

दाद कुठे मागायची?

प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असायला हवा. नोकरीतील भेदभावाच्या तक्रारीची चौकशी त्याने दोन आठवड्यांत करायची असते. त्यावर समाधान झाले नाही, किंवा तक्रार घरकुल, ग्रामपंचायत निधी, प्रवेश अशी असेल, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यासाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित यंत्रणेने तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे असते. यासाठी वकील लागत नाही, साधा कागद चालतो.

चारचौघांत दिव्यांगत्वावरून मुद्दाम अपमान करणे, हल्ला करणे, ज्याची जबाबदारी आपल्यावर आहे त्याला जेवण न देणे, हे ९२व्या कलमाखाली सहा महिने ते पाच वर्षे शिक्षेचे गुन्हे आहेत. घरातल्या घरात होणारा जाच त्यात येत नाही, असे समजू नये.

अर्ज कुठलाही असो, दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज टपालाने, पोचपावतीसह पाठवावा. पावती ‘यूडीआयडी’ कार्डाच्या प्रतीसोबत एकाच पिशवीत ठेवावी. पुढच्या ग्रामसभेत तीच पिशवी घेऊन जायची आहे.