दिल्लीचा रुपया तुर्भ्यापर्यंत

खडू, वीजबिल, पाणी, किरकोळ दुरुस्ती. महापालिकेच्या शाळेतला हा खर्च ज्या ‘संयुक्त शाळा अनुदाना’तून भागवायचा, ते पटावर ठरते. ‘समग्र शिक्षा’च्या निकषांनुसार 30 पर्यंत मुले असतील तर वर्षाला 10 हजार रुपये, हजाराच्या वर गेली तर एक लाख. त्यातलेही किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी. म्हणून नवी मुंबईत तुर्भे असो की घणसोली, मुख्याध्यापकांनी ‘यू-डायस’ या शाळांच्या माहिती प्रणालीवर भरलेला पटाचा आकडा महत्त्वाचा.

‘समग्र शिक्षा’ ही केंद्र-राज्यांची योजना 2018ची. महाराष्ट्रात केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांना मात्र 90:10. राज्याचा वार्षिक आराखडा दिल्लीतले प्रकल्प मान्यता मंडळ तपासते, आणि निधी चर्नी रोडच्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत खाली उतरतो.

गणवेशाचे गणित आणखी मजेशीर. केंद्राचे पैसे सर्व मुलींना आणि अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलग्यांना. प्रत्येकी 600 रुपये. त्याच बाकावरचा उरलेला मुलगा हिशेबाबाहेर! 2023मध्ये राज्याने त्याचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून उचलला.

शिक्षणाच्या नावाने गोळा होणारा आयकरावरचा 4 टक्के आरोग्य व शिक्षण उपकरही राज्यांत वाटला जात नाही. तो केंद्राकडेच राहतो, म्हणून राज्यांची नजर अशा योजनांच्या हप्त्यांकडे.

शिक्षण 1976च्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे पैशाबरोबर अटीही येतात. तमिळनाडूने केंद्राच्या ‘पीएम श्री’ या आदर्श शाळांच्या योजनेच्या करारावर सही केली नाही, तेव्हा ‘समग्र शिक्षा’चा हप्ता अडला आणि 2025मध्ये ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. महाराष्ट्र ‘पीएम श्री’ योजनेत सामील आहे.