गळती पाइपात, आरोप वस्तीवर

पाणीकपात जाहीर झाली की बोट कोणाकडे दाखवले जाते? झोपडपट्टीकडे! "हे लोक पाणी चोरतात" असे सांगितले की काम संपले. आमचा सवाल साधा आहे. मोजले कोणी? जमिनीखाली किती पाणी मुरते आणि वस्तीत किती येते, याचा हिशेब न मांडता गरिबाला चोर ठरवणे हा जुनाच मनुवादी न्याय आहे.

गळती शोधण्याचे शास्त्र आज पुष्कळ पुढे गेले आहे. फुटक्या जागेतून दाबाने निसटणारे पाणी आवाज करते. रात्री रहदारी थांबल्यावर कामगार लोखंडी कांब व्हॉल्व्हवर टेकवून, दुसऱ्या टोकाला कान लावून तो आवाज ऐकतो. त्याच तत्त्वावर कोरिलेटर नावाचे यंत्र चालते. नळावर दोन ठिकाणी सेन्सर लावतात. समजा, दोघांत १०० मीटर अंतर आहे आणि बिडाच्या नळातून आवाज सेकंदाला सुमारे १,२०० मीटर धावतो. एका सेन्सरला आवाज ०.०५ सेकंद आधी पोचला, तर गळती त्याच्यापासून २० मीटरवर! तेवढीच जागा खणायची. प्लॅस्टिकच्या नळात आवाज लवकर विरतो. तिथे हायड्रोजन ५ टक्के व नायट्रोजन ९५ टक्के असे मिश्रण नळात सोडतात आणि ते जमिनीतून कुठे वर येते ते यंत्राने हुंगतात. शिवाय पहाटे २ ते ४ या वेळेत, सगळे झोपलेले असताना, विभागाच्या मीटरवर पाणी धावत असेल, तर त्यातले बरेचसे गळतीचेच असते.

पण खरी मेख इथेच आहे. आवाजाच्या आणि मीटरच्या या पद्धतींना नळात दाब लागतो. जिथे चावीवाला दोन तास पाणी सोडतो आणि पुन्हा बंद करतो, तिथे पहाटे मोजायचे काय आणि ऐकायचे काय? म्हणजे ज्यांना पाणी कमी, त्यांची गळतीही सापडत नाही.

आणि वस्तीतली गळती म्हणजे फक्त वाया गेलेले पाणी नव्हे. आमच्या कितीतरी वस्त्यांत नळाच्या बारीक जोडण्या गटारातूनच जातात. पाणी बंद झाले, दाब उतरला, की ज्या भोकातून पाणी बाहेर जात होते त्याच भोकातून गटार आत शिरते. कोणी मोटार लावली तर ओढ आणखी वाढते. म्हणून पहिल्या बादलीला वास येतो, म्हणून पोरांना जुलाब आणि कावीळ होते. धनिकांची गळती महसूल बुडवते, गरिबांची गळती जीव घेते.

१९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते माणूसपणाचा हक्क बजावण्यासाठी. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितले, की घर बेकायदेशीर आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मग घाण पाणी देणे हे त्या हक्कात कसे बसते?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक विभागात पाणी किती शिरले आणि बिल कितीचे झाले, हे आकडे वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लागले पाहिजेत. गटारातल्या जोडण्या वर काढल्या पाहिजेत. गळती शोधणारे पथक वस्तीतही आले पाहिजे, आणि तेही पाण्याच्या वेळेत.

कार्यकर्त्यांनीही हातावर हात ठेवून बसू नये. गल्लीतल्या शेवटच्या नळावर क्लोरीनची ओटी टेस्ट करून मागा. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. पाणी पिवळे झालेच नाही, तर त्यातले क्लोरीन संपले आहे. घाण शिरल्याची शंका घ्या. तारीख, वेळ, नळ वहीत लिहा आणि लेखी तक्रारीची पोच घ्या. तोंडी आरोपाला लेखी हिशेबाने उत्तर द्यायचे, हीच बाबासाहेबांची शिकवण आहे.

जयभीम!