तळपायावरील काळा डाग

आमच्या वाचकांचा बहुतेक दिवस उन्हात जातो. तेव्हा उन्हाने कातडीचा कर्करोग होतो असे वाचनात येताच शेतकऱ्याने चपापावे, हे स्वाभाविक आहे. कातडीच्या कर्करोगांत ‘मेलॅनोमा’ नावाची जात फार घातक समजली जाते. तिजविषयी आपल्याकडे दोन समज आढळतात. एक असा की, हा केवळ उन्हाचा रोग होय. दुसरा असा की, हा गोऱ्या लोकांचा रोग असून सावळ्या माणसास त्याचे भय नाही. दोहोंतही सत्य अर्धेच आहे, आणि जे अर्धे सुटले आहे तेच आमच्या अधिक कामाचे आहे.

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. अंगावरील तीळ म्हणजे अशाच पेशींचा लहानसा पुंजका. या पेशी ताळतंत्र सोडून वाढू लागल्या म्हणजे मेलॅनोमा होतो, आणि कातडीत खोल उतरला की रक्त व लसिका यांच्या वाटेने तो फुप्फुस, यकृत व मेंदू येथे जाऊन बसतो.

गोऱ्या कातडीच्या लोकांत याचे मुख्य कारण ऊन हेच होय, यात शंका नाही. ऑस्ट्रेलियातील लँकेस्टर यांनी १९५६ साली दाखवून दिले की, युरोपीय वंशाचे लोक विषुववृत्ताच्या जितके जवळ राहतात तितके या रोगाने होणारे मृत्यू वाढतात. आजही ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत त्याचे प्रमाण जगात सर्वांत अधिक आहे. मात्र रोज शेतात राबून हळूहळू रापणाऱ्यापेक्षा, एरवी सावलीत राहून चार दिवस समुद्रकाठी अंग भाजून घेणाऱ्यास धोका अधिक, असे तेथील पाहणीत दिसते. लहानपणी कातडीवर फोड येईपर्यंत ऊन लागलेले असल्यास तो आणखी वाढतो. कातडी तांबूस करण्याकरिता कृत्रिम किरणांखाली निजण्याची जी हौस पाश्चात्यांत आहे, तीही निश्चित कर्करोगकारक असल्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ साली दिला. आपल्याकडे उन्हापासून पळावयाचे आणि तिकडे पैसे देऊन ते विकत घ्यावयाचे!

याखेरीज अंगावर फार तीळ असणे, ते वेडेवाकडे व मोठे असणे, आणि जवळच्या नात्यात हा रोग झालेला असणे, हीही कारणे आहेत. विल्यम नॉरिस या इंग्रज वैद्याने १८२० सालीच तो एका घराण्यात चालत आल्याची नोंद केली होती.

आता आपल्याविषयी. सावळ्या कातडीतील रंग उन्हास बराच अडवितो, म्हणून आपल्यात हा रोग विरळा आहे. परंतु जो होतो तो पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, म्हणजे जेथे ऊन फारसे पोहोचतच नाही तेथे. घोडी बाळगणाऱ्यांस याचे नवल वाटू नये. जन्मतः गडद असून पुढे पांढरे होत जाणाऱ्या घोड्यांत उतारवयात अशाच काळ्या गाठी होतात, त्याही बहुधा शेपटीखाली; आणि त्यांचे मूळ वंशगुणात असल्याचे २००८ साली स्वीडनमधील संशोधकांस आढळले. माणसाच्या तळपायाचे कारण इतके स्पष्ट उलगडलेले नाही. चालताना जेथे भार पडतो त्या भागी हा रोग अधिक आढळतो, असे जपानी डॉक्टरांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. काटा किंवा ठेच लागल्याने तो होतो काय, याविषयी मतभेद आहेत.

मतभेद असोत, खरी हानी निराळ्याच ठिकाणी होते. जमैकाचे विख्यात गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याचे दुखणे प्रथम खेळातील जखम समजले गेले. १९७७ साली तो मेलॅनोमा असल्याचे ठरले, आणि १९८१ साली वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी ते वारले. आमच्या खेड्यांत अशा डागास कुरूप म्हणावे, काटा रुतून राहिला म्हणावे, त्यावर बिब्ब्याचा चटका द्यावा किंवा वस्तऱ्याने तासावे, ही रीत आहे. तिने डागाचे रूप बिघडते, ओळख पटेनाशी होते, आणि महिने वाया जातात. या रोगात महिन्यांची किंमत मोठी आहे. रोग कातडीत किती मिलिमीटर खोल गेला यावर रोग्याचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते, हे अमेरिकेतील ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखविले. एक मिलिमीटरच्या आत असता तो कापून काढल्यास बहुतेक रोगी बरे होतात.

म्हणून संध्याकाळी पाय धुताना तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्या. म्हाताऱ्या माणसांचे घरातील मुलांनी पाहावे. नवा काळा डाग, कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात दोनतीन रंग, वाढता आकार, किंवा दीड-दोन महिने न भरणारी, रक्ताळणारी जखम दिसल्यास डॉक्टरांस दाखवावी. पुष्कळ नखांवर फिकट काळ्या रेघा असणे आपल्यात सामान्य आहे. परंतु एकाच नखावरील रेघ रुंद होत जाऊन लगतच्या कातडीवर उतरली, तर ती साधी नव्हे. काही वेळा हा डाग काळा नसून गुलाबीही असतो.

डॉक्टर डागाचा तुकडा काढून तपासावयास सांगतील. शस्त्र लावले की रोग अंगभर पसरतो, या भीतीने अनेकजण तेथूनच परत फिरतात. ती भीती निराधार आहे. तुकडा तपासल्याने रोग पसरत नाही, आणि त्यावाचून निदानही होत नाही.