पहिलं जॅकेट

रायफल नेमबाजीच्या मोठ्या स्पर्धेत पहिली परीक्षा निशाण्यासमोर होत नाही, ती होते इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर. नेमबाज आपलं जॅकेट पंचांपुढे ठेवतो. पंच त्याचं कापड दोन गोल चकत्यांच्या मध्ये धरतात, ५ किलोचा दाब देतात आणि जाडी वाचतात. एकेरी कापड २.५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, दुहेरी ५ च्या वर. मग दुसरं यंत्र पुढे येतं. ६० मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याच्या तोंडावर जॅकेटचा एकेक भाग सपाट पसरून त्यावर १ किलोचा भार दिला जातो. त्या भाराखाली कापड निदान ३ मिलिमीटर खाली दबलंच पाहिजे. २.९ दबलं तर जॅकेट नियमापेक्षा ताठ ठरतं आणि नेमबाजाच्या हातात परत येतं.

एवढ्यावर भागत नाही. जॅकेट अंगावर चढवून बटणं लावायची आणि मग समोरची कड आणखी ओढून पाहायची. बटणाच्या मध्यापासून काजाच्या बाहेरच्या कडेपर्यंत किमान ७० मिलिमीटर अंतर भरलं पाहिजे, म्हणजे जॅकेट अंगावर तेवढं सैल हवं. हात सरळ खाली सोडून मुठी वळल्या, तर खालची कड मुठीच्या खाली येता कामा नये. पट्टे, बकल, नाड्या, वेल्क्रो असं आवळून घट्ट करणारं काहीही चालत नाही. बंद करायला बटणं किंवा चेन, बस्स.

नव्याने या खेळात आलेल्या मुलामुलींच्या घरच्यांना मी हे सगळं आधी सांगतो, कारण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या कंपनीचं घ्यायचं? जर्मनीचे कुस्टरमन आणि साउअर, तसंच मूश, मोनार्ड, आपल्याकडचं कॅपापी, ही नावं रेंजवर पहिल्याच आठवड्यात कानावर पडतात. पण जाडी आणि ताठपणा या दोन्ही गोष्टी नियमाने बांधून टाकल्या आहेत. महागातलं महाग जॅकेटही २.५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. पैसे मोजून जास्तीचा आधार विकत घेता येत नाही. विकत मिळतं ते शिवणकाम, चामड्याचा दर्जा, टिकाऊपणा आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे तुमच्या अंगाच्या मापाचा कट. म्हणून कंपनीचा प्रश्न शेवटी आणि मापाचा आधी.

जॅकेट नक्की करतं काय, हे कळल्याशिवाय माप कळत नाही. १० मीटर एअर रायफलमध्ये दहाचं वर्तुळ म्हणजे फक्त अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. रायफल साडेपाच किलोपर्यंत वजनाची असू शकते. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० शॉट्स, सगळे उभ्याने. खांदा आणि नळीचं तोंड यांत ८०० मिलिमीटरचं अंतर धरलं आणि तोंडाचं टोक एक दशांश मिलिमीटर हललं, तर १० मीटरवर छर्रा सव्वा मिलिमीटर सरकतो. दशांश गुणांच्या हिशोबात तो अर्धा गुण. स्पर्धा अशा अर्ध्या गुणांवर जिंकल्या आणि हरल्या जातात.

एवढं स्थिर राहणं स्नायूंच्या बळावर जमत नाही. स्नायू थकतो, थरथरतो. म्हणून स्टँडिंग पोझिशनमध्ये सगळा भार हाडांवर सोपवलेला असतो. उजव्या हाताने मारणारा नेमबाज डावी बाजू निशाण्याकडे करून उभा राहतो, कंबर निशाण्याच्या दिशेने पुढे काढतो, धड मागे झुकवून किंचित वळवतो आणि डावा कोपर कमरेच्या हाडाच्या कडेवर टेकवतो. रायफलचं वजन डाव्या हाताच्या हाडातून कमरेत आणि तिथून पायात उतरतं. या पोझिशनचा सगळा जाच सोसते ती कमरेच्या वरची पाठ, कारण तिथे मणका एकाच वेळी मागे वाकलेला आणि वळलेला असतो. जॅकेट त्या वाकलेल्या पाठीला बाहेरून टेकू देतं, धडाच्या बारीक हालचाली शोषतं, कोपराखाली आणि खांद्यावर घसरू न देणारा पृष्ठभाग देतं. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारताना, दंडाला ताणलेल्या स्लिंगमधून, म्हणजे रायफलच्या पट्ट्यातून, नाडीचा ठोका थेट रायफलला पोचतो. तो मऊ करण्याचं कामही जॅकेटच करतं.

पण पोझिशन मुळात चुकीची असेल, तर जॅकेट ती चूकच पक्की करतं. म्हणून पहिल्याच दिवशी जॅकेट घ्यायला मी विरोध करतो. आधी हलकी रायफल घेऊन, थोडा थोडा वेळ, साध्या टी-शर्टवर उभं राहायला शिकावं. कोपर कुठे टेकतो, वजन कुठल्या पायावर जातं, तोल कुठे सुटतो, हे अंगाला आधी कळू द्यावं. त्यानंतर काही महिने क्लबच्या जॅकेटवर काढावेत. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. वाढत्या वयातल्या मुलाला जड रायफल देऊन जॅकेटशिवाय तासन्‌तास उभं करणं हा त्याच्या पाठीशी केलेला अन्याय आहे. सराव रोजचा झाला, शॉट्स वाढले, रायफल पूर्ण वजनाची आली, की स्वतःच्या मापाचं जॅकेट हवंच. तिथे काटकसर नको. हातमोजा आणि जॅकेट आधी, मग बूट. ट्राउझरला थोडा उशीर झाला तरी चालतं, असं माझं मत आहे.

मापाच्या बाबतीत आपल्या घरांतली एक चांगली सवय इथे आडवी येते. एका रेंजवर बारा-तेरा वर्षांच्या मुलीची आई प्रशिक्षकांना म्हणत होती, “सर, जरा वाढत्या अंगाचंच बघा ना. दोन-तीन वर्षं तरी निघायला हवीत.”

“ताई, शाळेचा ड्रेस असता तर मीच म्हटलं असतं, एक नंबर मोठा घ्या,” सर म्हणाले. “पण हिची कंबर इथे आहे आणि या जॅकेटची कंबर चार बोटं खाली. ही उभी राहिली की पाठीला काही टेकतच नाही. उलट दोन किलोचं ओझं तेवढं वाढतं.”

त्यांनी तिला ते जॅकेट घालून पोझिशनमध्ये उभं केलं आणि पाठीमागून हात घातला. त्यांची अख्खी मूठ आत गेली. मग क्लबमधलं जुनं, पण तिच्या उंचीला बसणारं जॅकेट चढवलं. तीच पोझिशन, तीच मुलगी. आता पाठीमागे जेमतेम बोटं सरकली. आईला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. उंची झपाट्याने वाढत असलेल्या मुलांसाठी क्लबचं किंवा चांगलं वापरलेलं जॅकेट घ्यावं आणि मापाचं नवं शिवून घेणं वाढ मंदावेपर्यंत थांबवावं, हाच शहाणपणाचा मार्ग.

दुकानात आरशासमोर सरळ उभं राहून हे जॅकेट पारखता येत नाही, कारण ते सरळ उभं राहण्यासाठी शिवलेलंच नसतं. आतून जो स्वेटशर्ट स्पर्धेत घालणार तोच घालायचा, नेमबाजीचे बूट असतील तर तेही. सगळी बटणं लावायची. मग रायफल घेऊन पोझिशन घ्यायची आणि चार-पाच मिनिटं तशीच धरायची. पहिल्या मिनिटाला सगळीच जॅकेट बरी वाटतात.

आता दुसऱ्या कुणीतरी बारकाईने पाहायचं. पाठीवर आडवी मोड नेमकी कुठे पडते? ती कमरेच्या नैसर्गिक बाकाशी जुळली पाहिजे. ती वर, फासळ्यांपाशी पडत असेल तर जॅकेट त्या धडाच्या मापाचं नाही. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला बाहीचा किती गोळा होतो? हात तिथे जवळजवळ पूर्ण दुमडलेला असतो. कापडाचा जाड गोळा झाला तर कोपराचा कोन उघडतो, रक्तवाहिनी दाबली जाते आणि नाडीचे ठोके रायफलवर दिसू लागतात. कोपर कमरेवर टेकतो तिथे जॅकेटची घडी येता कामा नये. आधार देणाऱ्या कोपराखाली शिवण यायला तर नियमाचीच मनाई आहे. उजव्या खांद्याची शिवण दंडावर उतरत असेल, तर रायफलची बट प्लेट दर शॉटला वेगळ्या जागी बसेल. आणि कॉलर: मान रायफलकडे वळवली की ती हनुवटीला किंवा गालाला ढकलते का? गालाचा दाब शॉटगणिक बदलला की साइटमधलं चित्र बदलतं, आणि नवखा नेमबाज दोष ट्रिगरला देत बसतो.

मुलींच्या मापाबद्दल वेगळं सांगायला हवं. महाराष्ट्राने या खेळाला अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे यांच्यासारख्या ऑलिंपियन रायफल नेमबाज दिल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. तरीही अजून कित्येक मुलींच्या गळ्यात मुलांचं लहान मापाचं जॅकेट पडतं. ते खांद्यात बसतं आणि कमरेखाली आवळतं. कंबर पुढे काढली की खालची कड वर सरकते, तिच्याबरोबर पाठीचा आधारही वर जातो. स्त्रियांसाठीचा कट वेगळा मिळतो. तो मागून घ्यावा. नितंबांचं माप पोझिशनमध्ये असतानाही घ्यावं, नुसतं सरळ उभं असताना नव्हे.

एअर रायफल फक्त उभ्याने मारायची असते, तेव्हा जॅकेट एकाच पोझिशनला जमलं की झालं. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून, प्रत्येकी २० शॉट्स पात्रता फेरीत मारायचे असतात आणि जॅकेट मात्र एकच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. अंतिम फेरीत स्टँडिंग सगळ्यात शेवटी येते, आणि तिथेच तो वर चढून पदकाच्या जागेवर आला. थ्री पोझिशनचं स्वप्न असेल त्याने जॅकेट स्टँडिंगला बेतावं. प्रोन आणि नीलिंगमध्ये बटणं उघडी ठेवून थोडं जमवून घेता येतं. स्टँडिंगमध्ये जमवून घ्यायला काही उरत नाही.

कॅनव्हास की चामडं, हा वाद रेंजवर कधी संपत नाही. बहुतेक जॅकेट दोन्हींची मिळूनच बनतात: आधार हवा तिथे एक, लवचीकपणा हवा तिथे दुसरं. माझा अनुभव एवढाच की आपल्या हवेत दोन्हींना जपावं लागतं. वरळीच्या रेंजवर जुलैत घामाने आणि दमट हवेने जॅकेट मऊ पडतं. तेच जॅकेट कोरड्या, थंड, वातानुकूलित हॉलमध्ये नेलं की ताठ होतं. घरी जेमतेम ३ मिलिमीटर दबणारं जॅकेट परगावी २.८ दाखवू शकतं. अगदी सीमेवर बसणारं नवं जॅकेट म्हणूनच घेऊ नये. थोडी मोकळी जागा ठेवावी. काही स्पर्धांत शॉट्स संपल्यानंतरही निवडक नेमबाजांची तपासणी होते आणि तिथे नापास झालेल्याचे सगळे गुण जातात.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत चामड्यावर बुरशी धरते. सराव संपला की जॅकेट ओलसर अवस्थेत किटबॅगमध्ये कोंबून ठेवायची सवय तेवढी मोडली, तरी निम्मं काम झालं. रुंद हँगरवर, बटणं लावून, पंख्याच्या वाऱ्यावर, सावलीत टांगावं. उन्हात वाळवलं की चामडं कडक होतं आणि चिरतं. वॉशिंग मशीनमध्ये तर कधीच नाही. ओल्या फडक्याने पुसावं. घाम टिपायला आतला स्वेटशर्ट आहे, तो रोज धुवावा.

वापरलेलं जॅकेट घेण्यात कमीपणा काही नाही. कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबई, सगळीकडे ज्येष्ठांची किट पुढच्या मुलांकडे जातात आणि त्यातून कित्येकांचा खेळ उभा राहतो. फक्त आधी पाहायचं की जॅकेट उजव्या हाताच्या नेमबाजाचं आहे की डाव्या, कारण खांद्यावरचं रबर आणि स्लिंग अडकवायची जागा त्यानुसार बदलते. दुसरं, ते आजच्या नियमांत बसतं का. जुनी, जाड आणि ताठ जॅकेट स्वस्तात मिळतात ती बहुधा याच कारणाने. नियमपुस्तकाच्या नव्या आवृत्त्या येत राहतात, तेव्हा चालू आवृत्ती प्रशिक्षकांबरोबर बसून वाचावी. तिसरं, आधीच्या मालकाच्या पाठीची मोड त्यात कायमची बसलेली असते. तुमची मोड तिथेच पडत नसेल, तर फुकट मिळालं तरी सोडून द्यावं.

नव्या जॅकेटचंही तेच. पहिल्या काही आठवड्यांत जिथे मोड पडेल तिथेच ती राहणार. त्या दिवसांत ते घालून खुर्चीवर रेलून बसू नये, गप्पा मारत फिरू नये. बटणं लावायची ती योग्य पोझिशन घेण्यासाठीच. शॉट्सच्या मध्ये विश्रांती घेताना वरची दोन बटणं उघडावीत आणि श्वास मोकळा घ्यावा.

ऑर्डर देताना माप स्वतः घेऊ नये. टेप प्रशिक्षकाच्या किंवा जाणत्या सहकाऱ्याच्या हातात द्यावी, आणि मापाच्या कागदावर तारीख घालून त्याची प्रत जपून ठेवावी. वर्षभरात जॅकेट सैलावतं, अंगही बदलतं, तेव्हा चामड्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून बटणं सरकवून घेता येतात; ती सरकवली की ७० मिलिमीटरची ओढ पुन्हा मोजायची. शिवून यायला लागणारा वेळ आणि अंगवळणी पडायला लागणारा वेळ धरून, जिल्हा किंवा राज्य स्पर्धेच्या निदान तीन महिने आधी ऑर्डर गेलेली बरी. तोपर्यंत क्लबच्या जॅकेटवर सराव चालू ठेवावा.